अवघड जागचें दुखणें
एपेली हाउओफा यांच्या तीन कृतींचा परामर्श

अवघड जागचें दुखणें आणि जांवई वैद्य, अशी एक म्हण आपल्याकडे घराघरांतून ऐकूं येते. ती ऐकून हंसूं येतें. पण तिच्यांत सांगितलेला प्रसंग वास्तविक मोठ्या कष्टाचा आहे. दुखणें खरें आहे. तें दाखविल्यावांचून उपाय नाहीं. आणि ज्याला दाखवावयाचें त्याचा मान इतका मोठा कीं, त्याच्यापुढें दुखणेंही सांगतां येत नाहीं व त्याचें औषधही नाकारतां येत नाहीं. कुटुंबाची जी गत तीच कधीं कधीं एकाद्या लहान देशाची होते. ज्या समाजाची लोकसंख्या आपल्याकडील एका तालुक्याच्याही वर जात नाहीं, ज्याची शाळा, दवाखाना व कचेरी स्वतःच्या उत्पन्नावर पुरतेपणीं चालत नाहींत, त्याच्या दारीं मदत घेऊन येणारा प्रत्येक परका गृहस्थ जांवईच असतो. त्याच्यासाठीं पाट मांडावा लागतो, त्याचा सल्ला शिरसावंद्य मानावा लागतो, आणि त्यानें दिलेली पुडी, गुण येवो न येवो, मुकाट्यानें घ्यावी लागते.

पॅसिफिक महासागरांतील बेटांच्या या अवस्थेवर ज्या लेखकानें सर्वांत मोकळेपणानें हंसून दाखविलें, आणि पुढें स्वतःच्या त्या हंसण्याचाही ज्यानें पुनर्विचार केला, त्या एपेली हाउओफा यांच्या तीन कृतींचा परामर्श घेण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. 'टेल्स ऑफ द टिकाँग्स' हा कथासंग्रह १९८३ सालचा, 'किसेस इन द नेदरएंड्स' ही कादंबरी १९८७ सालची, आणि 'अवर सी ऑफ आयलंड्स' हा निबंध १९९३ सालचा. तिन्ही कृति इंग्रजींत आहेत व आकारानें आटोपशीर आहेत. वरवर पाहतां त्यांचा एकमेकींशीं फारसा संबंध दिसत नाहीं. परंतु तिन्ही ओळीनें वाचल्या असतां एकच प्रश्न त्यांतून उभा राहतो. लहान समाजानें आपला कारभार, आपलें आरोग्य व आपल्या मुलांचें शिक्षण यांकडे कोणाच्या नजरेनें पाहावें, हा तो प्रश्न होय.

हाउओफा हे टोंगन. त्यांचा जन्म १९३९ सालीं पापुआंत झाला. आईबाप तेथें धर्मप्रसाराच्या कार्यासाठीं गेलेले होते. पापुआ, टोंगा व फिजी येथें शालेय शिक्षण, पुढें ऑस्ट्रेलिया व कॅनडा येथील विद्यापीठांत अध्ययन, आणि मानववंशशास्त्रांतील पंडिताची पदवी, असा त्यांचा क्रम. सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस टोंगाच्या राजवाड्याचें दप्तर त्यांच्या हाताखालीं होतें. त्यानंतर दक्षिण पॅसिफिक विद्यापीठांत ते अध्यापक झाले व फिजींतील सुव्हा शहरीं राहिले. १९९७ सालीं तेथें त्यांनीं कला व संस्कृति यांचें एक केंद्र स्थापिलें. २००९ सालीं त्यांचें निधन झालें. ही माहिती येथें देण्याचें कारण इतकेंच कीं, खुर्ची, दप्तर, समिति व सल्लागार यांचा परिचय त्यांना ऐकीव नव्हता. ज्यांच्यावर त्यांनीं हत्यार उपसलें त्यांच्याच पंक्तीस ते बसलेले होते.

'टेल्स ऑफ द टिकाँग्स' मधील टिको हें बेट कल्पित आहे. परंतु तें टोंगाचेंच प्रतिबिंब आहे हें ओळखावयास विशेष विद्वत्ता लागत नाहीं. येथील लोक परमेश्वराचा क्रम उलटा करून सहा दिवस विश्रांति घेतात आणि सातव्या दिवशीं, म्हणजे रविवारीं, प्रार्थना व जेवण यांत इतके राबतात कीं, पुढचे सहा दिवस थकवा घालविण्यांतच जातात. अशा ठिकाणीं परदेशांतून 'विकास' येतो. तो पुस्तकांत अवतरतो तो एकाद्या नव्या देवासारखा. त्याचे पुजारी विमानांतून उतरतात, त्याचे नैवेद्य रोख रकमेचे असतात, आणि त्याचीं सूत्रें छापील अर्जांवर लिहिलेलीं असतात. साऱ्या बेटावर मनू नांवाचा एकच इसम या देवाला नमस्कार करीत नाहीं. सायकलीवरून हिंडणारा, सर्वांना खरें सांगणारा व कोणीही न ऐकणारा हा मनू या कथांचा सूत्रधार म्हणतां येईल.

संग्रहांतील दोन कथा विशेष लक्ष देण्यासारख्या आहेत. पहिली 'द टॉवर ऑफ बेबल'. तिच्यांत इका लेवू या कोळ्याची हकीकत आहे. नांवाचा अर्थच 'मोठा मासा'. घरापुरती मासेमारी करून सुखानें राहणाऱ्या या माणसाला परदेशी तज्ज्ञ मोठी होडी व मोठें कर्ज घ्यावयास लावतो. त्या क्षणापासून इका समुद्रावर जातो तो मासे आणण्यासाठीं नव्हे, तर हप्ते फेडण्यासाठीं. आणि जाळें टाकणाराच शेवटीं जाळ्यांत सांपडतो. लेखक कोणाला शिव्या देत नाहीं. तज्ज्ञ दुष्ट नाहीं, बँक लबाड नाहीं, इकाही मूर्ख नाहीं. प्रत्येकजण आपापल्या परीनें भलें करावयास निघालेला आहे, आणि यांतच कथेची धार आहे.

दुसरी व संग्रहांतील सर्वोत्कृष्ट कथा 'द ग्लोरिअस पॅसिफिक वे'. ओले पासिफिकिवेई नांवाचा एक साधा माणूस आपल्या लोकांच्या जुन्या कथा व परंपरा हौसेनें वह्यांतून उतरून ठेवीत असतो. एका परदेशी संस्थेचा अधिकारी त्याला भेटतो. ओलेला हवें असतें एक टंकलेखनयंत्र. पण संस्थेच्या नियमांत एकट्या माणसाला यंत्र देणें बसत नाहीं. समिति पाहिजे, समितीचे सभासद पाहिजेत, अर्ज पाहिजे, अहवाल पाहिजे. ओले समिति काढतो, मग दुसरी, मग त्या समित्यांची एक समिति. परदेशांत जाऊन तो शिक्षण घेऊन येतो. मधल्या काळांत ज्या वह्यांसाठीं हा सारा खटाटोप सुरू झाला त्या घरांतील एका म्हातारीनें शौचकूपांतील कागद म्हणून संपविलेल्या असतात. त्याबद्दल त्याला फारसें दुःखही उरत नाहीं. कथा संपते तेव्हां हा मनुष्य लोककथांचा संग्राहक राहिलेला नसून मदत मागण्याच्या विद्येंत पारंगत झालेला असतो.

या कथेचें मर्म आमच्या मतें भिक्षेंत नसून वह्यांत आहे. मागणें हें लाजिरवाणें असेल, पण घातक तें नव्हे. घातक हें कीं, मागण्याची रीत शिकतां शिकतां आपण मूळ काय करीत होतों याचाच माणसाला विसर पडतो. आम्हीं वर म्हणीचा दाखला दिला त्याचें स्वारस्य येथें कळून येईल. जांवयाचा मान राखतां राखतां घरचीं माणसें दुखणेंच विसरलीं, आणि वैद्याचें येणेंजाणें हाच घरांतील मुख्य संस्कार होऊन बसला, अशी ही स्थिति आहे.

'किसेस इन द नेदरएंड्स' मध्यें लेखकानें ही म्हण जणूं अक्षरशः खरी करून दाखविली आहे. अर्थात् त्याला ती म्हण ठाऊक असण्याचा संभव नाहीं. कादंबरीचा नायक ओइलेई बोंबोकी एके दिवशीं सकाळीं उठतो तों शरीराच्या ज्या भागाचें नांव सभ्य मंडळींत घेत नाहींत तेथें त्याला असह्य वेदना सुरू झालेली असते. मग गांवठी वैद्य येतात, मांत्रिक येतात, शिकलेले डॉक्टर येतात. बाबू विवेकानंद नांवाचा एक भारतीय योगीही येतो व त्या अवमानित अवयवाचें माहात्म्य सांगणारें तत्त्वज्ञान मांडतो. आणि शेवटीं शस्त्रक्रियेसाठीं न्यूझीलंडची वाट धरावी लागते. आमच्या देशाचा एक प्रतिनिधि या मेळ्यांत पाहून भारतीय वाचकास थोडें चपापल्यासारखें होईल. पण त्यानें रागावूं नये. उपहासाच्या पंक्तींत येथें सर्वांनाच सारखें वाढलेलें आहे.

ही कादंबरी कुटुंबांत मोठ्यानें वाचण्याजोगी नाहीं, हें आम्ही स्पष्ट सांगतों. तिचा विनोद पुष्कळ ठिकाणीं ग्राम्य आहे, व उत्तरार्धांत तो लांबतो. चमत्कृतीवर चमत्कृति रचण्याच्या भरांत मूळ वेदना अंधुक होत जाते. तथापि तिच्या पूर्वार्धांत आरोग्यव्यवस्थेचें जें दर्शन घडतें तें कोणत्याही अहवालांत घडणार नाहीं. लहान बेटावर रोगी व वैद्य एकमेकांना ओळखतात. बहुधा नात्यांतलेच असतात. तेथें दुखणें खासगी राहत नाहीं. वैद्याची निवड ही औषधाची निवड नसते. ती कोणाचा मान राखावयाचा व कोणाचा दुखवावयाचा याची निवड असते. आणि खरा मोठा उपाय नेहमीं समुद्रापलीकडे असतो. लेखकाच्या अतिशयोक्तीखालीं दडलेलें हें सत्य आम्हांस मोलाचें वाटतें.

आतां दोषाकडे वळूं. या दोन्ही पुस्तकांत एक जागा रिकामी आहे, आणि ती लहान नाहीं. टिकोंत मंत्री आहेत, चिटणीस आहेत, धर्मोपदेशक आहेत, तज्ज्ञ आहेत. पण पावसांत शाळेस जाणारा मास्तर नाहीं, रात्रीं कंदील घेऊन बाळंतिणीकडे जाणारी परिचारिका नाहीं, पाण्याच्या टाकीवरून भांडून अखेर ती दुरुस्त करणारी गांवची बैठक नाहीं. जेथें सगळेच ढोंगी तेथें ढोंग उघडें पडत नाहीं, कारण त्याच्या शेजारीं ठेवावयास खरें असें कांहीं राहत नाहीं. मनू हा एक अपवाद. पण मनू कांहीं करीत नाहीं, तो केवळ बोलतो.

या उणीवेचें एक कारण टोंगाच्या राज्यरचनेंतच सांपडतें, असें आम्हांस वाटतें. तेथें गांवचा अधिकारी व जिल्ह्याचा अधिकारी लोकांनीं निवडलेले असतात. पण ते एकेकटे माणूस आहेत. आपल्या ग्रामपंचायतीसारखी, गांवानें गांवासाठीं बसविलेली व स्वतःच्या हातीं अधिकार असलेली संस्था त्या राज्यांत उभी राहिली नाहीं. राजा, सरदार व राजधानीची कचेरी, असा कारभाराचा ओघ वरून खालीं येतो. तेव्हां जो लेखक राजधानीच्या दप्तरांत बसून देश पाहतो त्याला कचेरी म्हणजेच देश असें दिसावें, यांत नवल नाहीं.

परंतु सर्व पॅसिफिक टोंगा नव्हे. १९८५ सालीं बर्ट्रम व वॉटर्स या दोन न्यूझीलंडच्या अभ्यासकांनीं कांहीं अतिलहान बेटांच्या अर्थव्यवहाराचें एक सूत्र बसविलें : माणसें परदेशीं जातात, तेथून पैसे धाडतात, परकें सरकार मदत देतें, आणि त्या मदतीवर नोकरशाही पोसली जाते. ज्या बेटांवरून हें सूत्र काढलें त्यांत टोकेलाऊ हें एक होतें. हाउओफांच्या टिकोस जें लागू पडतें तें टोकेलाऊस तर त्याहूनही अधिक लागू पडावें. म्हणून त्यांच्या उपहासाची कसोटी या ठिकाणीं लावून पाहणें योग्य होईल.

टोकेलाऊ म्हणजे आताफू, नुकुनोनू व फाकाओफो हीं तीन प्रवाळबेटें. तिहींची मिळून जमीन बारा चौरस किलोमीटरांच्या आसपास, आणि वस्ती सुमारें दीड हजार. विमानतळ नाहीं, समोआंतील आपिया बंदरांतून आगबोटीनें एक दिवसाहून अधिक प्रवास करावा तेव्हां पहिलें बेट दिसतें. १९४८ च्या कायद्यानें हा प्रदेश न्यूझीलंडच्या राज्यांत गणला गेला आणि लोक न्यूझीलंडचे नागरिक झाले. आज टोकेलाऊंत राहतात त्यांच्या कितीतरी पट टोकेलाऊवासी न्यूझीलंडांत राहतात. खर्चाचा मोठा भाग तिकडूनच येतो. सूत्र म्हणून पाहावें तर हा देश म्हणजे केवळ परावलंबन.

पण जवळ जाऊन पाहावें तों चित्र बदलतें. प्रत्येक बेटावर कुळांचे प्रमुख व वडीलधारे यांची एक सभा असते. तिला ताउपुलेंगा म्हणतात. समुद्रांतून सामुदायिक मासेमारीचा माल आला म्हणजे तो 'इनाती' या रीतीनें घरोघर माणशीं वांटला जातो. विधवेच्या घरीं वांटा पोंचतो, आजाऱ्याच्या घरींही पोंचतो. बायकांची स्वतंत्र समिति आहे, व गांवच्या स्वच्छतेकडे तिचें लक्ष असतें. प्रत्येक बेटास एक शाळा व एक लहान इस्पितळ आहे. या शतकाच्या आरंभीं शिक्षक व परिचारिका यांच्यावरील अधिकारही दूरच्या कचेरीकडून काढून या ग्रामसभांच्या हातीं देण्यांत आला. तिन्ही बेटांनीं निवडलेले प्रमुख आळीपाळीनें सर्व देशाचे 'उलु', म्हणजे मस्तक, होतात. राजधानी म्हणून कायमचें एक ठिकाण नाहींच. २०१२ सालीं तिन्ही बेटांची वीज सूर्यप्रकाशावर चालूं लागली. पैसा बाहेरचा आला हें खरें. पण वह्या शौचकूपांत गेल्या नाहींत.

येथें गोडवे गाण्याचा आमचा हेतु नाहीं. वडीलधाऱ्यांच्या सभेंत तरुणांचें व स्त्रियांचें किती चालतें हा प्रश्न आहेच. आणि ज्या गांवांत सर्व सर्वांचे नातलग तेथें शिक्षकाला दोष देणें सोपें नसतें. आमचें म्हणणें इतकेंच कीं, परक्या पैशावर चालणारा प्रत्येक समाज टिको होत नाहीं. तो होतो कीं नाहीं हें पैसा कोठून येतो यावर अवलंबून नसून, तो आल्यावर कोणत्या बैठकीपुढें ठेवला जातो यावर अवलंबून असतें. हाउओफांच्या उपहासांत ही बैठकच नाहीं.

आणखी एक गोष्ट. २००६ च्या फेब्रुवारींत व २००७ च्या ऑक्टोबरांत टोकेलाऊच्या लोकांपुढें स्वराज्याचा प्रश्न मतासाठीं ठेवण्यांत आला. न्यूझीलंडशीं मैत्रीचा संबंध राखून स्वयंशासित व्हावें कीं नाहीं, एवढाच प्रश्न. आणि त्यास दोनतृतीयांश मतांची अट. पहिल्या वेळीं शेंकडा साठ लोकांनीं होकार दिला. दुसऱ्या वेळीं शेंकडा चौसष्टांहून थोडे अधिक. दुसऱ्या खेपेस अवघीं सोळा मतें कमी पडलीं. वसाहतीच्या लोकांनीं स्वराज्य पुढें आलें असतां तें पुरत्या हातानें उचललें नाहीं, यावर टिकोच्या लेखकाला एक झकास कथा लिहितां आली असती. पण ती खरी ठरली असती काय ? ज्याची लेक न्यूझीलंडांत शिकते, ज्याच्या आईला उद्यां शस्त्रक्रियेसाठीं तिकडेच न्यावें लागेल, त्यानें मत देतांना हात आंखडला तर त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणास आहे ? ज्यांनीं होकार दिला तेही हेंच सारें जाणून होते. येथें मूर्ख कोणी नाहीं व ढोंगी कोणी नाहीं. आणि जेथें दोन्ही पक्ष शहाणे असतात तेथें उपहासाचें हत्यार बोथट होतें.

हाउओफांचा मोठेपणा असा कीं, आपल्या हत्याराची ही मर्यादा त्यांना स्वतःलाच उमगली. 'अवर सी ऑफ आयलंड्स' या निबंधांत ते सांगतात कीं, विद्यापीठांत शिकवितांना वर दिलेल्या सूत्रासारखींच मतें ते विद्यार्थ्यांपुढें मांडीत असत : तुमचे देश लहान, दूर व दरिद्री, त्यांना आपल्या पायांवर उभें राहतां येणें नाहीं. एके दिवशीं तें ऐकणाऱ्या मुलांचे उतरलेले चेहरे त्यांनीं पाहिले, आणि आपण काय शिकवीत आहों या विचारानें ते बेचैन झाले. मग हवाई येथील ज्वालामुखीच्या प्रदेशांतून जातांना, पृथ्वी अजून वाढत आहे हें डोळ्यांनीं पाहून, त्यांच्या विचाराला नवें वळण लागलें. निबंधाचा मुख्य सिद्धांत हा कीं, खंडावरील मनुष्य नकाशाकडे पाहतो तेव्हां त्याला अफाट पाण्यांत विखुरलेले ठिपके दिसतात. पण ज्यांचे पूर्वज त्या पाण्यावर हिंडले त्यांना तें पाणीच आपलें घर वाटतें, आणि बेटें त्या घरांतील खोल्या. परदेशीं जाऊन पैसे धाडणारा मुलगा ही त्यांच्या मतें परावलंबनाची खूण नसून, जुन्याच येण्याजाण्याचा व देण्याघेण्याचा नवा प्रकार आहे.

कोणत्याही टीकाकारानें 'टेल्स ऑफ द टिकाँग्स' वर याहून मार्मिक अभिप्राय दिला नसेल. शाळेचा खरा प्रश्न इमारतीचा किंवा पुस्तकांचा नाहीं; फळ्यापुढें उभा राहणारा मनुष्य मुलांना त्यांच्याविषयींच काय सांगतो, हा आहे. जो मास्तर रोज 'तुम्ही लहान' म्हणतो तो अज्ञान घालवीत असेल, पण त्याच खडूनें तो पुढची हारही लिहून ठेवतो. विनोदी लेखक आणि अध्यापक हे दोघे एकाच देहांत राहत होते. आणि अध्यापकानें एके दिवशीं विनोदी लेखकाला विचारलें कीं, तुझ्या हंसण्यानंतर या मुलांजवळ उरतें काय?

तरीही या निबंधापुढें आम्ही हात जोडून थांबत नाहीं. दृष्टि बदलली म्हणून अंतर कमी होत नाहीं. महासागर हें आपलें घर आहे, हें वाक्य पदवीधर तरुणाला धीर देईल. पण अडलेल्या बाळंतिणीला शल्यवैद्यापासून जो एक दिवसाचा समुद्र दूर ठेवतो तो त्या वाक्यानें आटत नाहीं. दीड हजार वस्तीसाठीं प्रत्येक रोगाचा तज्ज्ञ ठेवतां येत नाहीं. शिकून मोठा झालेला मुलगा बहुधा परत येत नाहीं. आणि तो परत न येणें ही येण्याजाण्याची जुनी रीत आहे असें म्हटल्यानें गांवच्या शाळेंतील रिकामी खुर्ची भरत नाहीं. लहानपण हा रोग नव्हे, हें हाउओफांनीं सिद्ध केलें. लहानपणाला कांहीं किंमत मोजावी लागते, हें त्यांनीं या निबंधांत जवळजवळ झांकून टाकलें. कथांत त्यांनीं जखम मोठी करून दाखविली, निबंधांत तिच्यावर सुंदर वस्त्र पांघरलें. जखमेची नेमकी लांबीरुंदी सांगणारा ग्रंथ त्यांच्या हातून लिहिला गेला नाहीं.

असा ग्रंथ कसा असावा हें सांगणें टीकाकाराचें काम नव्हे. परंतु त्याचें पात्र कोणतें असावें हें या तिन्ही कृति वाचून आम्हांस स्पष्ट दिसूं लागलें आहे. तें पात्र मंत्र्याचें नव्हे, तज्ज्ञाचें नव्हे, मनूसारख्या बाहेरून बोलणाऱ्याचेंही नव्हे. बोट केव्हां येईल याची वाट पाहत जी औषधें पुरवून पुरवून वापरते ती परिचारिका, एकाच खोलींत तीन इयत्ता शिकविणारा मास्तर, आणि त्या दोघांचा पगार, चुका व रजा यांचा निकाल जिला संध्याकाळपर्यंत लावावयाचा आहे ती गांवची सभा, हीं तीं पात्रें होत. त्यांच्यावर हंसतां येईल, आणि हंसावेंही. पण त्या हंसण्यांत घरच्या माणसाचा ओलावा येईल.

तोंपर्यंत वाचकांनीं हाउओफा अवश्य वाचावे, आणि शक्य तर ज्या क्रमानें ते लिहिले गेले त्याच क्रमानें वाचावे. कथासंग्रह सर्वांनीं वाचावा. कादंबरी ज्यांना ग्राम्यता सोसते त्यांनीं. आणि निबंध प्रत्येक शिक्षकानें. जांवई वैद्याची थट्टा करणारे लेखक पुष्कळ असतात. थट्टा करतां करतां रोग्याच्या तोंडाकडे वळून पाहणारे थोडे, आणि तें पाहिल्यावर आपलीच लेखणी तपासून घेणारे त्याहून थोडे. हाउओफा त्या शेवटच्या थोड्यांपैकीं होते. आणि त्यांच्या उणीवा मोजतांनाही हें ऋण आम्ही विसरत नाहीं.